स्मरणिकेला फोटो मिळणार नाही

हूरा, बहरीन
ता. १८ ऑक्टोबर १९९६

चि. हरिदास यास ताईचा जयभीम.

इकडे सगळे बरे. ऑक्टोबर निम्मा सरला तरी ऊन खलास होत नाही. तुझं पत्र पोचलं. क्रिकेट क्लबाला पन्नास वर्षं झाली, तुला शाल-नारळ देणार, स्मरणिकेत दाजींचा फोटो हवा. वाचलं. आधी दुसरं ऐक.

माझा विश्वजीत जुफैरला अमेरिकन आरमाराचे एसी दुरुस्त करतो. त्याचा साहेब गेल्या शुक्रवारी जेवायला आलेला. काळा, म्हातारा. त्याचा बाप बेसबॉल खेळायचा. गोऱ्यांच्या संघांत काळ्यांना बंदी, म्हणून यांचा संघच वेगळा. पगारी हो! मालकसुद्धा काळा. गावोगाव हॉटेलात खोली मिळायची नाही, तर बसमध्येच झोपायचे. तरी रविवारी त्यांची माणसं ठेवणीतले कपडे घालून मैदान भरायची. मग गोऱ्यांना जाग आली. दोन चांगली पोरं उचलली. बाकीच्यांना कुत्र्यानं विचारलं नाही. लोक त्या दोघांमागे गेले, संघ बुडाला.

नात कस्तुरी मराठी करून सांगत होती. मी म्हटलं, "विचार गं, बाप त्या दोघांचा खेळ बघायला गेला का?"

तो हसला. "नेव्हर, मॅम."

कस्तुरी म्हणते, "पण आजी, दे गॉट इन ना? चांगलंच झालं."

"दोघं आत गेले. बाकीचे कुठं गेले, ते आहे का तुझ्या पुस्तकात?"

आता तुझं. आपल्या वस्तीचा संघ दाजींनी उभा केला, तुला बॅट धरायला त्यांनी शिकवलं. क्लबानं बोलावलं तसा तू पळालास. तुझ्या हातचा चेंडू त्यांना चालायचा, तुझी कपबशी मात्र कुंपणाच्या खांबावर पालथी. तेच आता म्हणतात आमच्यात जातपात नव्हती, आणि साक्षीला दाजी? लाज इथल्या सूक बाजारात मिळत असती तर पार्सल केली असती.

लिहितोस, दाजींना तुझा अभिमान होता. कोणी सांगितलं तुला? तू गेल्यावरही ते रविवारी मैदानावर फक्कीच्या रेघा मारून पोरांची वाट बघायचे. वस्ती सगळी क्लबाच्या तारेबाहेर, तुझा खेळ बघत उभी. एका रविवारी स्टंपा खांद्यावर टाकून घरी आले, मोडून बंबात घातल्या, त्याच पाण्यानं आंघोळ केली. पुढं दवाखान्यात जायचं तरी क्लबाचा रस्ता टाळून, वळसा घालून जायचे. मी तुला कधी बोलले नाही. त्यांनीच बोलू दिलं नाही.

फोटो पाठवणार नाही. शाल घे, नारळाची चटणी कर.

समारंभ जानेवारीत ना? मी डिसेंबरात येतेय. पहिल्या रांगेत बसेन. दाजींचं नाव घेणार असशील, तर बंबापर्यंत सगळं सांग. नाहीतर मी उठून सांगेन, आणि मला माईक लागत नाही.

आधी त्यांची बायको, मग तुझी ताई,
राधा