मेरेवरची विडी

आये, गोवा राज्य झालं त्या दिवशी तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. तू जाऊनही आता खूप वर्षं झाली.

माझी आठवण तेरेखोलच्या त्या मेरेपासून, हद्दीच्या बांधापासून, सुरू होते. मी लहान, तुझा हात धरून कोरगावहून केरीपर्यंत चालत आलेली. व्हडीतून आपण न्हय, म्हणजे नदी, ओलांडतो. तेरेखोल पलीकडच्या काठावर, तरी ते आपल्या गावासारखंच पोर्तुगिजांचं, म्हणून तिथे जायला कोणी अडवत नाही. काजूची बोंडं वेचायला चाललोय, असं तू व्हडीवाल्याला सांगतेस आणि तो मान हलवतो, कारण गावातल्या सगळ्यांना खरं काय ते माहीत असतं. गाव संपतं तिथे शेताची एक मेर आहे. तिच्या पल्याड भारत, आणि त्या भारतात तुझं माहेर. तू म्हणायचीस, "न्हय मधी आसा तरी तेरेखोल आमचा, आणि माजी आवस मेरेच्या पल्याड तर ती परकी." हे तू रागाने कधी म्हटलं नाहीस. तांदळातला खडा बाजूला काढावा तसं म्हणायचीस.

मेरेजवळ राखणदाराचा, सीम राखणाऱ्या देवाचा, धोंडा होता. सीम ओलांडायची तर त्याला काहीतरी द्यायचं, ही तुझ्या माहेरची रीत. तू पाव आणि विडी ठेवलीस, हात जोडलेस. पहाऱ्यावरचा शिपाई आला, त्याने पाव उचलून खाल्ला, विडी पेटवली आणि आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभा राहिला. क्षणभर मला वाटलं, हाच राखणदार. तू गोष्टीत सांगायचीस तशी काठी होती, पायात वहाणाही होत्या. मग देवाचं शिपायाने खाल्लं, असं मी घाबरून म्हटलं, तेव्हा तू हसलीस. "खाल्ल्यान तर खाल्ल्यान. तोय राखताच हा मा?"

तेवढ्यात आजी पलीकडून आली. तिने मेर ओलांडली नाही, तूही नाही. तू पदर पसरलास आणि तिने मेरेवरून हात लांब करून तुझी ओटी भरली. नारळ पदरात पडला, थोडे तांदूळ मेरेवर सांडले. विडी संपेपर्यंत तुम्ही बोलत होता. म्हैस व्याली का, कोणाचं लग्न ठरलं, असलंच सगळं. रडली कोणीच नाही. वेळ कमी होता म्हणून असेल.

मग पोर्तुगीज गेले. आपण व्हडीतून उतरून मेर सरळ ओलांडून जायला लागलो, तरी तू धोंड्यावर विडी ठेवतच राहिलीस. मी शिकले, मराठी शाळेत मास्तरीण झाले. आपला पेडणे तालुका आधी सावंतवाडीकडे होता, मग पोर्तुगिजांकडे गेला, मग भारतात आला, हे मुलांना शिकवताना नकाशावरच्या तुटक रेघा दाखवायचे. रेघ फक्त कागदावर असते, जमिनीवर नाही, असं सांगायचे. पुढे भाषेचं भांडण पेटलं. कोकणी की मराठी यावरून शाळेतल्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मी घरी येऊन तावातावाने बोलत होते आणि तू कोकमाची सोलं वाळत घालत होतीस. मग तू मला विचारलंस, "मी बोलतंय ता तू खयच्या बाजूक लिवतलंस?" मेरेपल्याड त्याच बोलीला मालवणी म्हणतात, इथे कोकणी. मी खाली बसून तुझ्याबरोबर सोलं पसरू लागले.

गोवा राज्य झालं त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. तुझा पेढा मी पदराला बांधून आणला. तो तू हातात धरून ठेवलास, खाल्ला नाहीस. "आता वाट परत बंद करतले काय गो?" तू विचारलंस. मी हसले. आये, हे आपल्याच देशातलं राज्य, अशी वाट कधी बंद होत नाही, असं समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी एकटीच तेरेखोलला जाऊन, मेर ओलांडून, माहेरी पाणी पिऊन परत आलीस. तेव्हा पेढा खाल्लास.

महामारीत वाट बंद झाली, आये. माझी मुलगी तुझ्याच माहेरच्या गावात दिली आहे. ती तिथे बाळंतीण झाली आणि मला जाता येईना. फेरीबोट फक्त तेरेखोलपर्यंत. मेरेजवळ बांबू आडवे बांधलेले, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरुण पोलीस. मी धोंड्यावर विडी ठेवली. तो म्हणाला, "काकी, ह्या वयार विडी?" मी म्हटलं, माझी नव्हे, राखणदाराची. तो पेडण्याचाच असावा. त्याने खुर्ची समुद्राकडे वळवली. बांबूंच्या पलीकडे मुलगी उभी राहिली, पदर पसरून, बाळ नणंदेच्या हातात. माझा हात आजीइतका लांब पोचला.

हे पत्र लिहून मी ट्रंकेत तुझ्या लुगड्याखाली ठेवणार आहे. वाट आता उघडी आहे, कोणी विचारत नाही. तरी माझ्या पिशवीत विड्यांचं बंडल असतं. मुलीला वाटतं, ते काढायचं मी विसरलेय.