शांताक्काच्या घरातून हाक

अणदूर, ६ नोव्हेंबर २०२४

ती. नागूआत्यांस,
प्रतीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी उलटली तरी पत्र नाही म्हणून रागावला असाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं तुमच्या डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून हा जुना उद्योग माझ्याकडं आलाय. खरं सांगू? मला तो आवडतो.

आम्ही एक घर बघितलंय. इथंच अणदुरात, ह्यांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानापासून पायी जाण्यासारखं. दगडी भिंती, वर मातीचं माळवद, अंगणात बेल. मालक चन्नबसप्पा सोलापुरात असतात. त्यांची आई शांताक्का गेल्यापासून घर बंद आहे. माळवद एका अंगाला बसलंय, न्हाणीची भिंत फुगलीय. सिद्धाराम गवंडी बघून म्हणाले, पाया पक्का आहे, वरचं तेवढं उतरवून पत्रे टाका. मामंजी मात्र म्हणतात, थांबा. शेतावरच्या मोठ्या घराचं जोतं तयार आहे, यंदा नाही तर पुढल्या साली भिंती चढवू, सगळे एकत्र राहू. त्याच जोत्यावर माझ्या लग्नाचा मांडव पडला होता. आता आमची महेश्वरी शाळेत जायला लागली.

त्या मोठ्या घरात सगळ्यांच्या खोल्या ठरल्यात, आत्या. तुमची नाही. सुनेच्या आत्याची खोली कोण धरणार? आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत आणि आता बेंबळीत एकट्यानं भाकरी थापता. या पडक्या घरात तुम्हाला जागा होईल. एवढ्यासाठीच मला ते हवंय. एकदा येऊन बघाच.

लोभ आहेच, तो पडक्या भिंतींसकट राहू द्यावा.
तुमची प्रतीक्षा

बेंबळी, १२ नोव्हेंबर

चि. सौ. प्रतीक्षास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच हाय, वाचताना लई हसले.

माझ्यापायी सासरचं मन मोडू नको. तुझे सासरे बब्रुवानराव माणूस सावकाश, पण शब्दाचा. एकत्र घरात लेकराला माणसं मिळत्यात. मला काय, मी बहिरी बाई. चार भिंतींत बसले काय आन् चाळीस माणसांत बसले काय, मला सगळं सारखंच. थांबा, असंच मी सांगीन.

पण बोलावतेस तर येते. हरभऱ्याचं तेवढं उरकू दे.

महेश्वरीचा पापा घे. वैजनाथरावांना आशीर्वाद.
तुझी आत्या

बेंबळी, २७ नोव्हेंबर

चि. सौ. प्रतीक्षास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. एक विचारायचं राहिलं. परवा तुम्ही अंगणात सिद्धारामाशी बोलत उभे होता आन् मी आत गेले, तवा चुलीपाशी कोण बाई होती? अंधारात दिसली न्हाय. आधी घागरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बांगड्या वाजल्या, मग म्हणाली, ‘ऊटा माडरी.’ शेजारीण असंल म्हणून मी नमस्कार केला आन् बाहेर आले.

एसटी तुळजापुरात थांबली. समोर ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता आन् मला काहीच ऐकू येत नव्हतं. तवा ध्यानात आलं. प्रतीक्षा, त्या घरात मला ऐकू आलं गं. टायफॉईडनं कान गेल्यापासून मी ढग गडगडलेला ऐकला न्हाय. घरी आल्यावर तांब्या आपटून बघितला, काही न्हाय.

तो शब्द कानडी दिसतोय, मला कानडी येत न्हाय. कुणाला तरी विचारून कळव.

आन् घर घ्या. थांबू नका. मागं थांबा म्हणाले ते सोडून दे. घराची किल्ली माझ्याच कमरेला आलीय, ती राहू दे.
तुझी आत्या

अणदूर, १६ डिसेंबर

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे म्हणाले, म्हातारपणी कानांत भास होतात. पण मग भासाला कानडी कुठून आलं? आत कुणी नव्हतं, आत्या. सिद्धारामांनी त्याआधीच कोपरान् कोपरा बघितला होता आणि दार आमच्या समोर होतं.

शब्दाचा अर्थ त्या घराच्या शेजारच्या द्वारकाबाईंनी सांगितला: जेवण करा. तो सांगताना त्यांचा चेहरा उतरला. शांताक्का रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून ताटावर बसवायची म्हणे. मग घरची माणसं एकेक करून गेली, मुलगा सोलापूरला गेला, तरी ती सगळ्यांचं रांधायची. शेवटी शेवटी ती गेलेल्या माणसांना जेवायला हाक मारायची आणि त्यांच्याच आवाजात ओ द्यायची. सासऱ्याच्या आवाजात, जावेच्या, तान्ह्या पोराच्यासुद्धा. हुबेहूब. बाहेर उभं राहिलं की घर भरलेलं वाटायचं. द्वारकाबाई म्हणाल्या, त्यांनी तेव्हापासून त्या अंगणात पाय ठेवला नाही.

हे सांगून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, की तुमच्या आत्याबाई मात्र रोज येतात. सकाळच्या एसटीनं येतात, आत जातात, दुपारी परत जातात. आत्या, तुम्ही माझ्या गल्लीवरून जाता आणि मला भेटत नाही? पोरगी तुमची वाट बघते. मला फार भीती वाटतेय. किल्ली द्वारकाबाईंकडं ठेवा आणि तडक माझ्याकडं या. घराचं काय ते मग बोलू.

रागावू नये. जीव लावलाय तेवढा सांभाळावा.
प्रतीक्षा

बेंबळी, २१ डिसेंबर

चि. सौ. प्रतीक्षास,
अ. उ. आ.

रोज न्हाय गं, मधून मधून येते. द्वारकाबाईला वाढवून सांगायची खोड हाय. तुला भेटले असते, पण भेटले की बोलावं लागतं, आन् तू बोललेलं मला ऐकू येत न्हाय. तिथून निघाल्यावर ते लई जड जातं.

तुला काय सांगू काय ऐकते ते. फोडणी चरचरते. पाट सरकवत्यात. कुणीतरी म्हातारा खाकरतो. कुणी पोर हसतं. बेलावरचा पक्षीसुद्धा आत बसलं की ऐकू येतो, अंगणात आलं की न्हाय. मी नुसती भिंतीला टेकून बसते. कुणी मला त्रास देत न्हाय. उलट हातचं काम सोडून माझी विचारपूस करत्यात, असं वाटतं. बोलणं कानडी, पण त्यात तुझं नाव येतं, तुज्याबद्दल विचारत्यात.

सिद्धारामाला माळवद उतरवू देऊ नको. त्यांना ते आवडायचं न्हाय.

आता एक शब्द आणिक. मी आत पाऊल टाकलं की ती हल्ली ‘बागला हाकरी’ म्हणती. गोड आवाजात म्हणती. अर्थ विचारून लवकर कळव, तिला उत्तर द्यायचं राहतंय.
तुझी आत्या

अणदूर, २६ डिसेंबर

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्थ असा: दार लावून घ्या.

लावू नका. आत्या, तुम्हाला माझी शपथ आहे, ते दार लावू नका.

घर आम्ही घेत नाही. ह्यांनी चन्नबसप्पांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की आत्याबाई तिथं काही जेवल्या का? हे म्हणाले, माहीत नाही. त्यावर ते म्हणाले, जेवल्या नसतील तर त्यांना तिथून घेऊन जा.

हे बेंबळीला येऊन गेले, तुमच्या घराला कुलूप होतं. मग इथं त्या घराशी गेले, तिथंही कुलूप. तुम्ही कुठं आहात?

एक चांगली बातमी देते, तिच्यासाठी तरी या. मी मामंजींपुढं रडले. आत्यांना जागा नसेल तर मला मोठं घर नको, असं तोंडावर बोलले. मामंजी चकित झाले. म्हणाले, अगं, हे आधी बोलायचं, मी काय मनातलं वाचतो? दुसऱ्या दिवशी स्वतः चुन्याची फक्की घेऊन जोत्यावर गेले आणि पूर्वेच्या अंगाला तुमची खोली आखली. खिडकी कुठं पाहिजे ते तुम्हाला विचारायला सांगितलंय. संक्रांतीनंतर भिंती चढणार.

वाट बघते. नुसती वाटच बघते.
प्रतीक्षा

बेंबळी, ४ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रतीक्षास,
अ. उ. आ.

मी घरी हाय. वैजनाथराव आले त्या दिवशी मी दवाखान्यात कान दाखवायला गेले होते. घाबरू नको. जेवले न्हाय मी तिथं, पाणीसुद्धा घेतलं न्हाय. ताट कधी दिसलंच न्हाय, नुसता वाढल्याचा आवाज.

तुझं पत्र हाती पडायच्या आधीच मी तिथं परत गेले होते. सकाळची वेळ, दारातून चांगलं ऊन आत आलेलं. मी भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी आत सगळं चिडीचूप. मला वाटलं, इथलेही कान गेले. इतक्यात चुलीकडून हाक आली. कानडी नव्हती. ‘प्रती, ये गं, भाकरी निवायली.’

तुला प्रती मी एकटीच म्हणते. पयल्यांदा वाटलं, मीच बोलले. तोंडाला हात लावून बघितला. ओठ मिटलेले होते. प्रतीक्षा, स्वतःचा आवाज ऐकून मला किती वर्सं झाली, मी तो इसरले होते. पण वळखला. तो माझा आवाज होता, तू परकर नेसून पटांगणात खेळायचीस तवाचा. तो तुला जेवायला बोलावत होता. पुन्हा पुन्हा. दर खेपेला आधीपेक्षा चांगला.

तवा मला कळलं, मला तिथं कशाला बसवून घेतलं होतं ते.

मी उठले. मागं चरचर, हसणं, पक्षी, सगळं एकदम सुरू झालं, माझ्या आवडीचं होतं नव्हतं तेवढं. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आन् सगळं गेलं. कुलूप घातलं, किल्ली चन्नबसप्पाच्या पत्त्यावर टपालानं धाडली. वाटंत रडले. खोटं कशाला बोलू, ऐकू येणाऱ्या जगासाठी रडले.

बब्रुवानरावांना माझा नमस्कार सांग. खिडकी अंगणाकडं ठेवा म्हणावं, लेकरं खेळताना दिसतील.
तुझी आत्या

अणदूर, २० जानेवारी

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

उलट टपाली एवढंच कळवा, की काल दुपारी तुम्ही कुठं होता.

खंडोबाची मूर्ती नळदुर्गाहून आपल्या गावच्या देवळात परत आली म्हणून मी महेश्वरीला घेऊन देवळात गेले होते. येताना त्या रस्त्यानं यायला नको होतं, पण उन्हात तोच जवळ पडला. मी नारळाची पिशवी सावरत चालले होते आणि हाक आली. तुमची. चार घरांपलीकडून मारायचा तशी, शेवट लांबवून. विचार करायच्या आत मी ‘आले, आत्या’ म्हणून गेले. तुमचं पत्र पाठ आहे, तरी म्हणून गेले. पाय अंगणात पडला होता.

महेश्वरी माझ्या पुढं धावली, दाराशी जाऊन थांबली आणि वळून विचारायला लागली, की आजी आत आहे तर कुलूप बाहेरून का?

मी तिला उचललं आणि पळाले. ती अजून विचारतेय, की आपण आजीला तिथंच सोडून का आलो. तिला काय सांगू?

तुम्ही बेंबळीतच होता ना?
प्रतीक्षा

बेंबळी, २४ जानेवारी

चि. सौ. प्रतीक्षास, आन् चि. महेश्वरीस,
अ. उ. आ.

मी बेंबळीतच होते. काल दुपारी, परवा दुपारी, आन् तू विचारतेस त्या दुपारीही. शेजारपाजारी साक्षीला हायेत.

लेकराला समजावून सांगू नको, समजायचं न्हाय. मीच येते. मोठ्या घराच्या भिंती चढेपर्यंत तुमच्या दोन खोल्यांत राहीन, दाराशी झोपीन. शेळी विकून टाकली, बोचकं बांधलं. लेकराला आजी डोळ्यांसमोर दिसली की दुसरीकडं शोधणार न्हाय.

एक मात्र दोघी ध्यानात धरा. आजपासून मी तुम्हाला हाक मारणार न्हाय. जेवायला न्हाय, उठवायला न्हाय, रस्त्यात दिसलात तरी न्हाय. माझं काम असलं की मी जवळ येऊन खांद्याला हात लावीन. आवाज कितीही माझा असू दे, हात लागला न्हाय तर ओ देऊ नका.

सोमवारच्या एसटीनं निघते. वैजनाथरावांना फाट्यावर धाड.
तुझी आत्या