वळणावर लागणारा दिवा

३ नोव्हेंबर २०११, गुरुवार

दवाखान्यातून परतताना पुलाच्या वळणावर गाडीत ब्रेकचा तांबडा दिवा लागला. वळण संपलं, विझला. ओनेझिमने पाहिला, मीही पाहिला. घरी त्याला उतरवताना तो म्हणाला, "हँडब्रेक पुरता खाली गेला नसेल."

गेला होता. मी दोनदा बघितलं.

खांदा ठणकतोय. आज एवढंच.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

रेआलचा फोन. आमच्या मुलाला वासच येतो की काय कोण जाणे. "आई, तपासणी कधीये गाडीची?" म्हटलं, महिनाअखेरीला, काचेवरच्या स्टिकरची मुदत संपते तेव्हा. "बरं. बोललोय ते लक्षात आहे ना?"

लक्षात न राहायला काय झालं. ईस्टरला याच टेबलावर ठरलं होतं. गाडी तपासणीत पास झाली तर आम्ही या घरात, या किनाऱ्यावर आणखी एक हिवाळा काढायचा. नापास झाली तर नवी गाडी घेण्याचं नाव काढायचं नाही — मुकाट्याने मॉन्क्टनला त्याच्याजवळ फ्लॅटमध्ये जायचं. इथे ना बस, ना दुकान, आणि ओनेझिमचा दवाखाना पन्नास मिनिटांवर. गाडीशिवाय इथे राहता येत नाही, हे मलाही कळतं.

तेव्हा ओनेझिम म्हणाला होता, "आम्ही कुठे जात नाही." अर्धांगाच्या झटक्यानंतर इतक्या जोरात तो पहिल्यांदाच बोलला होता. मग मीही तेच म्हटलं. चाळीस वर्षं ज्याने समुद्राखेरीज खिडकीतून दुसरं काही पाहिलं नाही, त्याला गाड्यांच्या पार्किंगसमोर नेऊन बसवू?

६ नोव्हेंबर, रविवार

मिसाला जाताना चर्चच्या वळणावर पुन्हा. या वेळी सरळ रस्त्यावरही थोडा वेळ जळत राहिला.

दोरिलाला सांगितलं. शेजारी राहते, तिच्यापासून काय लपणार. "अगं, काळी चिकटपट्टी लाव त्याच्यावर. माझ्या म्हाताऱ्याने सहा वर्षं लावली होती." मग काय झालं? "मग काय, तो हार्टने गेला. गाडी अजून चालत्ये."

हसले. खूप दिवसांनी पोट धरून हसले.

दुपारी बॉनेट उघडलं. ओनेझिम पायरीवरच्या खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसला आणि तिथून सांगत राहिला. "डावीकडे. मागे. पांढरी डबी. छोटी. अगं, ती पाण्याची!" सापडली. डबीवर दोन रेघा असतात, त्यांच्या मधे ब्रेक ऑइल हवं. ते खालच्या रेघेच्याही खाली होतं. म्हणून वळणावर दिवा — गाडी कलली की डबीतलं एका बाजूला सरकतं आणि दिव्याला वाटतं संपलं.

"भर थोडं. विझेल," ओनेझिम म्हणाला. शेडमध्ये बाटली होती, त्याच्याच हातची सीलबंद ठेवलेली. भरलं. विझला.

तो म्हणाला, "बघ."

८ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्याचा दिवस. व्हीलचेअर घडी घाल, डिकीत टाक, त्याचा डावा पाय उचलून आत ठेव, पट्टा लाव, दार लाव. तिथे पोचलं की सगळं उलट. परत निघताना पुन्हा. मग घरी पुन्हा. पाऊस-बर्फ मिसळून पडत होतं. वायपर चांगले आहेत, देवाची कृपा.

दिवा नाही. पण पेडल मऊ लागतंय. रोजच्यापेक्षा जास्त खाली जातं. की मलाच वाटतंय?

१० नोव्हेंबर, गुरुवार

डबी परत खाली गेली. चार दिवसांत.

आत भरलेलं कुठेतरी जातंच ना.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवला, फ्रीजच्या खोक्याचा, चांगला लांबरुंद. संध्याकाळी ओढून काढला तर देवी आल्यासारखा! सगळीकडे थेंब.

ओनेझिम हसला. "गंजाचं तेल ते. ऑक्टोबरात फवारून नाही का आणलीस? अख्ख्या गावाच्या गाड्या गळतायत." खरं आहे. रस्त्यावर मीठ पडायच्या आधी इथे सगळेच गाडीच्या पोटाला तेल मारून घेतात, आणि मग तीन-चार आठवडे अंगणं चिकट. या दिवसांत गळती शोधणं म्हणजे पावसात रडणारा माणूस शोधणं.

"दिव्याचं बटण खराब झालं असेल," तो म्हणाला. "सोड आता."

त्याला जाणून घ्यायचं नाहीये. मी पुठ्ठा दाराशी तसाच ठेवला.

१२ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे जाग आली ती सिस्टर मारी-आन्सेल्मच्या आवाजाने. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली असतील. कॉन्व्हेंटची तळघरातली प्रयोगशाळा, गंधकाचा वास, आम्ही बारा मुली काळ्या ॲप्रनमध्ये, आणि सिस्टरची बोटं सदानकदा शाईने आणि आयोडीनने रंगलेली. तिची ती सवय — प्रश्न विचारला की उत्तर द्यायची नाही, ग्लासभर पाणी पुढे सरकवायची. "पाण्याला विचार, मेलिना. पाणी खोटं बोलत नाही." रात्री पलंगावर आम्ही तिची नक्कल करून हसायचो. आज तिच्या थडग्याशी जाऊन फुलं ठेवावीत असं वाटलं, पण ती क्युबेकला पुरलीय.

दोन बशा घेतल्या. पाणी घातलं. पुठ्ठ्याच्या मधल्या डागांत एक अजून ओला, काळपट थेंब होता, तो चमच्याने एका बशीत. तरंगला, इंद्रधनुष्यासारखा पसरला. तेल. मग मागच्या डाव्या चाकाशी एकच वेगळा डाग होता — फिक्या चहासारखा. गाडीखाली वाकून तिथलाच ताजा थेंब धरला, दुसऱ्या बशीत सोडला.

नाहीसा झाला. पाण्यात मिसळून गेला.

ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हेच. शेडमधल्या बाटलीतला थेंब सोडून पाहिला. तोही तसाच गेला.

दोन्ही बशा ओनेझिमसमोर ठेवल्या. तो खूप वेळ बघत बसला. मग म्हणाला, "नन लोकांनी वेळ वाया घालवला नाही तुझ्यावर." आणि थोड्या वेळाने, "मागची ब्रेकची नळी असणार. पेट्रोलच्या टाकीच्या वर. गंजून गेली असेल." म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीस? मी तुला घेऊन रस्त्यावर होते, ओनेझिम. ट्रकच्या मागे होते."

तो चमचा पुसत राहिला.

गाडी आता हलवायची नाही. तपासणीत नापास झाली तर झाली. का कोण जाणे, दुपारी कोचावर पडले ती थेट अंधार पडल्यावर उठले. इतकी गाढ झोप केव्हा लागली होती!

१४ नोव्हेंबर, सोमवार

लेआंद्रला फोन केला. गॅरेज त्याचं, त्याआधी सतरा वर्षं ओनेझिमच्या बोटीवर होता. "वहिनी, चालवून आणू नका हं. मीच येतो ओढून न्यायला. तुम्ही तोवर फादरना प्रार्थना करायला सांगून ठेवा."

त्याने गाडी नेली. अंगणात तेवढा तेलकट चौकोन उरला.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखाना बुडाला. दोरिला म्हणाली मी नेते, पण तिच्या गाडीत व्हीलचेअर मावत नाही. सकाळभर स्वयंपाकघरात बसून राहिलो. ओनेझिमने रेडिओ लावला. फ्रिको केला, कोंबडी, बटाटे, वर पिठाचे गोळे. त्याने दोनदा वाढून घेतला.

लग्नाआधीची आठवण निघाली. काकाच्या ज्या ट्रकमधून तो मला कॉन्व्हेंटच्या सुटीत न्यायला यायचा, त्याला ब्रेक जवळजवळ नव्हतेच. कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांशी बर्फाचा ढीग असायचा, त्यात नाक खुपसून थांबवायचा. मदर सुपिरियर वरच्या खिडकीतून बघायची. "उन्हाळ्यात काय करायचास?" मी विचारलं. "उन्हाळ्यात तू घरीच असायचीस ना," तो म्हणाला.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

लेआंद्रचा फोन. नळी टाकीच्या वरच गेलेली. "हात लावला तर बिस्किटासारखी मोडली, वहिनी. गंजानेच गंज धरून ठेवला होता." दुसऱ्या बाजूचीही तशीच. दोन्ही तांब्याच्या टाकतो म्हणाला.

म्हटलं, गाडी दुरुस्त करण्यासारखी आहे का रे अजून? खरं सांग.

"पत्रा ठीक आहे. इंजिन तर माझ्याहून बरं आहे."

बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की उत्तर ऐकताना मी श्वास धरला होता. कशासाठी धरला होता ते नीट कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

लेआंद्र स्वतः आम्हाला न्यायला आला. नळ्या बसल्या होत्या, आता आतली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने खाली बसून चाकाशी पान्याने स्क्रू उघडायचा, दुसऱ्याने वर पेडल दाबायचं. त्याचा मदतनीस हरणाच्या शिकारीला गेलाय, नोव्हेंबरात कोण कामावर असतं. मी पुढे झाले, तर लेआंद्र म्हणाला, "तुम्ही नका. दादूस, तुझा उजवा पाय चालतो ना?"

ओनेझिमने माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षानंतर तो स्टिअरिंगमागे बसला. उजवा पाय त्याने स्वतः आत घेतला, डावा मी ठेवला.

"दाब," खालून आवाज. "धर. धर... सोड. दाब."

"किती वेळ धरू, रे कुत्र्या?"

"बोटीवर तू मला विचारायचास का, दोर किती वेळ धरतोस? धर."

"तेव्हा तू तरुण होतास."

"आणि तू राक्षस होतास. सोड."

असं चारही चाकांना. पहिल्यांदा नळीतून बुडबुडे येत होते, मग स्वच्छ धार. शेवटी लेआंद्र म्हणाला, "आता कसं लागतंय?" ओनेझिमने हळूच दाबलं. "दगड," तो म्हणाला. "दगडासारखं." घाम आला होता त्याला. आरशात स्वतःकडे बघून केस सारखे केले. हे मी पाहिलं, आणि मनात म्हटलं — झालं. आता याला इथून कसं हलवणार कोणी.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी पास. नवा स्टिकर काचेवर. दिवा कुठल्याच वळणावर नाही.

रेआलला कळवलं. "ठीक आहे, हरलो मी," म्हणाला. हसत म्हणाला, शब्दाला पक्का आहे. "पण बर्फ पडला की फोन करत जा, आई." दोरिला गुळाचा पाव घेऊन आली, म्हणाली पट्टीचा खर्च वाचला. सगळे खूश.

मी गाडीतून सामान काढायला गेले आणि तिथेच बसून राहिले. त्याची व्हीलचेअर अजून डिकीतच. लाकडं आत आणायची होती. आणि दवाखाना — मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार, एप्रिलपर्यंत. काचेवरच्या स्टिकरकडे बघताना रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहू?

जेवण गेलं नाही. ओनेझिम दोनदा म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, थंडी.

२७ नोव्हेंबर, रविवार

मिसाहून आल्यावर कोट न काढताच ओनेझिमला विचारलं, मॉन्क्टनला जायचं का आपण? तो म्हणाला, "तुला राहायचंय म्हणून मी राहिलो होतो. ईस्टरला बोललो ते, नळीचं लपवलं ते, सगळं तुझ्यासाठीच. मला वाटलं, तू विचारणारच नाहीस."

मग रेआलला फोन लावला. म्हटलं, तळमजल्यावरचा फ्लॅट बघ, पायऱ्या नकोत.

"आई, ब्रेक परत गेले का?"

"नाही रे बाळा. ब्रेक उत्तम आहेत."