डावरीची बास

११ जानेवारी

अंगठ्याला परत फोड. शिवणकारखान्यातल्या सगळ्या कात्र्या उजव्या — मूठच तशी घडवलेली. मी डाव्या हाताने कापड कापायला लागले की मालकीणबाई तोंड फिरवतात. "बघवत नाही गं, आता बोट जाईल असं वाटतं." अजून एकही गेलेलं नाही. आणि कापते सरळ!

घरी आले तर बाबा खुर्चीतच. सकाळी निघताना बसवलं होतं तस्से. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोन घास खाल्ले, बाकी ढिम्म. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणी तिथे विसरून गेलेल्या पिशवीसारखा. उभा जन्म सुतारकाम केलेला माणूस, आणि पक्षाघाताच्या त्या झटक्याने साधा चमचा धरता येईना. डॉक्टर म्हणतात हात परत येईल, धीर धरा. बाबा काहीच म्हणत नाहीत. तेच जास्त लागतं मला.

नवरा जहाजावर, इंजिनात. फोनवर आपल्या वडिलांची चौकशी करतो, "बाबा कसे आहेत?" बरे आहेत, म्हणते. फोन ठेवून जरा रडले. भांडी घासताना रडणं सोयीचं, नळाचा आवाज असतो.

१३ जानेवारी

कॅप्टनला कळवलं, तालमीला जमणार नाही. कॅप्टन म्हणजे आमच्या बॅन्डचा गायक. गातो थोडं, हुकूम जास्त सोडतो, म्हणून कॅप्टन. म्हणाला, "तू घर सांभाळ. एक जण मिळालाय बासवर. तुझ्यापेक्षा उजवा आहे."

मग स्वतःच खिदळला. "अगं म्हणजे, हाताने उजवा!"

मीही हसले. काय करणार! आपल्या भाषेतच खोट आहे. चांगलं ते उजवं. एखाद्याला मागे टाकायचं तर त्याला डावलायचं. मुलीचं लग्न लावलं की तिला उजवली! आईने मला उजवली खरी, हात तेवढा राहून गेला.

माझी बास गिटार माळ्यावर टाकली.

१४ जानेवारी

माळ्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. सकाळपासून तेच चाललंय — बघणं.

१७ जानेवारी

आज बाबा बोलले!! इतके दिवस शब्द जिभेला अडकत होते, हा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ आला — "डावरे!"

लग्न होऊन आले तेव्हापासून हेच नाव. पहिल्याच आठवड्यात मी डाव्या हाताने खिळा ठोकताना दिसले आणि बाबा गल्लीभर सांगत सुटले, "पोराने डावरी आणलीय, आता माझी हत्यारं लपवा!" तेव्हा असा राग आला होता! सासूबाई होत्या तोवर त्या माझी बाजू घ्यायच्या. त्या गेल्या, नाव राहिलं. आज ते नाव ऐकलं आणि हातातली वाटीच सुटली माझ्या.

म्हणाले, "डावरे... शिकव."

"काय शिकवू बाबा?"

डावा हात वर केला. "हा."

१९ जानेवारी

चमचा. कंगवा. दाराची कडी. शर्टाची बटणं — ही तर छळणारी जात! काजं-बटणं सगळी उजव्या माणसाच्या सोयीने लावलेली. बाबा वैतागले, "हे असं उलटं का?" मी म्हटलं, "या आता आमच्या पंगतीला!"

एक गोष्ट लक्षात आली. मला आजवर सगळ्यांनी समोर बसवून शिकवलं. बुटाची नाडी, विणकाम, बाससुद्धा — मामा समोर स्टुलावर बसायचा, म्हणायचा, "आरशात बघतेयस असं समज." उजव्या माणसाच्या शेजारी बसलं की सगळं उलटं होतं ना. त्यामुळे शिकताना माझ्या शेजारी कधी कुणी नव्हतंच. आज बाबांची खुर्ची मी शेजारी ओढून घेतली. माझा डावा, त्यांचा डावा. चमचे दोन, वाटी एक. अर्धं जमिनीवर सांडलं. पुसताना गाणं म्हणत होते मी.

२२ जानेवारी

व्यायामवाली ताई मी कामावर असताना येऊन जाते. बाबांच्या बोटांना काहीतरी चाळा द्या, असं काकूंजवळ सांगून गेली. मी पीठ मळायला दिलं तर बाबांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "ती काढ."

काढली. धूळ पुसली. दोघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली — धड बाबांकडे, मान माझ्याकडे. मी उजव्या हाताने तारा दाबायच्या, त्यांनी डाव्याने छेडायच्या. एक बास, दोन माणसं, मिळून एक डावरी! पहिलाच सूर असा घुमला की बाबा दचकले. "पोटात वाजतं गं हे!" हो बाबा. म्हणून तर.

तेवढ्यात जाड तार खाचेतून उडाली. नेहमीचंच. बाबांमधला सुतार लगेच जागा. "का उडाली?"

म्हटलं, "बास आहे उजव्या माणसाची. मी उलटी धरते, तारांची अदलाबदल केलीय. पण मानेच्या टोकाची ही पट्टी आहे तशीच. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसवली की बसणार कशी? हिला नट म्हणतात."

"नट? नाटकातला की बोल्टवरचा?"

आणि हसले! अर्ध्याच तोंडाने, पण हसले!

मी आपली खुशीत बोलून गेले, "तुमचा हात बरा होऊ दे, मग ही परत माळ्यावर. आता कुणासाठी वाजवायची?"

बाबा गप्प झाले. मला वाटलं, दमले.

२९ जानेवारी

बाबांनी हत्यारांच्या पेटीतून शिसवीचा तुकडा शोधून काढायला लावला. नवी पट्टी करणार म्हणे. डाव्या हाताने! मी तुकडा धरायचा, ते कानस चालवणार. पहिली पट्टी — उंदराने कुरतडल्यासारखी. बाबा म्हणाले, "उंदीर उजवा असता तर बरी कुरतडली असती."

३ फेब्रुवारी

आज तिसरी पट्टी तडकली आणि बाबांनी कानसच भिरकावली. "या वयात धुळाक्षरं गिरवू का मी!"

मलाही राग आला. म्हटलं, "मी सहा वर्षांची असताना बाईंनी डावा हात पाठीमागे धरायला लावून गिरवून घेतलंय माझ्याकडून. सगळा वर्ग हसायचा. तुम्हाला तर हसायलाही कुणी नाही इथे."

मग बाबा म्हणाले, "कुठल्या बाई गं त्या? पत्ता दे." असं गंभीर तोंड करून म्हणाले की मला हसूच फुटलं. कानस पलंगाखाली गेली होती, रांगत जाऊन काढली.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी घरी आले तर टेबलावर पट्टी. तयार! कडा अशा की बोट फिरवत राहावं. खाचा चारही बरोबर — जाडीला रुंद, बारकीला बारीक.

"बाबा! एकट्याने? डाव्या हाताने?"

"शिकवणारी बरी आहे."

शर्टाची बटणंही गळ्यापर्यंत लावलेली. ती काकूंनी लावली म्हणे. काकूंना उद्या खायला काहीतरी करून नेते, फार करतात बिचाऱ्या.

पट्टी बसवली. जाड तार हवी तेवढी हाणली, जागची हलली नाही. इतकी वर्षं मी तिला घाबरून हळू वाजवत होते, हे आज कळलं. मला वाटायचं माझा हातच भित्रा. हात नव्हे, खाच!

बाबा म्हणाले, "फोन लाव."

"कुणाला?"

"त्या हुकूम सोडणाऱ्याला."

लावला. कॅप्टन पलीकडून कुरकुरला — तो नवा म्हणे घाईत वाजवतो, ढोलकवाल्याशी रोज भांडण. मग आवाज खाली आणून, "येतेस का?"

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मुद्दाम. "येते," म्हटलं.

१६ फेब्रुवारी

तालीम. तार उडाली नाही. कॅप्टन कौतुक करणार नाहीच, पण त्याने माझ्या जागेचा दिवा स्वतः सरकवून दिला.

२४ फेब्रुवारी

झाला कार्यक्रम!

बाबा आले होते. काठी टेकत, काकूंच्या आधाराने, पहिल्या रांगेत. मंचावर नेहमीचा गोंधळ — गिटारची मान एकीकडे, माझ्या बासची दुसरीकडे. दरवेळी कॅप्टन मला खांबाआड उभं करतो. आज मी आपणहून मधे उभी राहिले. कुणी काही बोललं नाही. इतकं सोपं होतं?

तिसऱ्या गाण्यात बासला एकटीला जागा आहे. नेहमी मी ती भीतभीत उरकते. आज नाही उरकली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बाबांना शोधत होते. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात — बाबा डाव्या हाताने मांडीवर वाजवत होते! उजवा हात आपला शालीखाली. तेवढं बघून जीव तुटला. देवा, हिशेब कसला करतोस? मला माझा हात दिलास, त्यांचा काढून घेतलास.

घरी आल्यावर बास भिंतीला टेकवून ठेवली. उद्या एक मोठा खिळा आणायला हवा, टांगायला.

२५ फेब्रुवारी

खिळा आणला. मीच ठोकला, डाव्या हाताने. बाबांनी हत्यारं लपवली नाहीत.

२७ फेब्रुवारी

आज सुट्टी, म्हणून व्यायामवाली ताई पहिल्यांदाच भेटली. चपला घालता घालता म्हणाली, "पाय अजून थोडा ओढतो, पण आजोबांचा उजवा हात काय सुरेख चालतोय! पंधरा-वीस दिवस झाले की. सुनेला एवढ्यात सांगू नका म्हणाले होते, पण आता..." आणि जीभ चावली.

मी मागे वळले. बाबा भिंतीवरच्या बासकडे बघत होते. मग माझ्याकडे.

"खिळा पक्का आहे ना गं?"

"पक्का आहे." पुढे शब्द फुटला तो एकच — "नट!"

"नाटकातला," बाबा म्हणाले, आणि टाळी वाजवली. दोन्ही हातांनी.