भिंतीवरचे दोनशे चौदा ठिपके

१३ जाने., सोमवार
दुबईच्या डीआयपी भागातल्या आमच्या फोटो लॅबमध्ये आज शाळेचं काम आलं. ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या इतिहासाच्या बाई, केतकी मॅडम, स्वतः पेनड्राइव्ह घेऊन आल्या. अमेरिकेतल्या जुन्या संपांचे बावीस फोटो आहेत. साफ करायचे, मोठे छापायचे, बोर्डवर चिकटवायचे. गुरुवारी, २३ ला, शाळेत प्रदर्शन.
आमचे मालक शाजीभाई दचकले. "स्ट्राइक का फोटो? परमिशन है ना, मॅडम?"
"प्रिन्सिपल का साइन है, शाजीभाई. और इसमें जो हैं, सब कब के गुजर गए."
मग माझ्याकडे वळून मराठीत, "तुम्ही कुठले?" मी म्हटलं, इचलकरंजी. "मग तुम्हाला संप काय सांगायचा!" मी पेनड्राइव्ह मशीनला लावला. उत्तर घरी आल्यावर सुचलं. बाबा यंत्रमागावर होते. संप झाला की ते दिवसाढवळ्या घरी असायचे आणि आम्ही कॅरम खेळायचो. मला संप फार आवडायचा. पण असं कुठे कुणाला सांगतात.
निघताना शाजीभाई म्हणाले, "ये काम ठीक हुआ तो एकतीस के बाद तू पक्का, इन्शाल्ला." म्हणजे प्रोबेशन. चूक होता कामा नये.

१४ जाने., मंगळवार
सफाई सुरू. जुन्या निगेटिव्हवर धूळ बसली की छापताना तिचे पांढरे ठिपके होतात. ते एकेक पुसायचे. मी दर फोटोचे ठिपके वहीत मोजून ठेवतो. शाजीभाई हसतात, हसू देत.
फो. ३: बर्फात हातात हात गुंफून चाललेल्या बायका. सगळ्या हसताहेत. संपावर असताना एवढं हसायचं काय, पण बघून मलाही हसू आलं.
फो. ४: मोटारीच्या कारखान्यात ठाण मांडून बसलेले कामगार. गाड्यांच्या सीट काढून त्यावर आडवे झालेत. एकाच्या मोज्याला भोक आहे. आधी डाग वाटला. नीट बघितलं, भोकच. ठेवलं.

१५ जाने., बुधवार
अख्खा दिवस फो. ७. रस्ता भरून मोर्चा, लोकांचे हात वर, मागे काळ्या विटांची उंच इमारत. त्या भिंतीवर नुसते पांढरे ठिपके. मोजून २१४. सगळे पुसले. मान धरली, पण भिंत कोरी करकरीत झाली.
शाजीभाईंनी आमचा ड्रायव्हर गुल खान याला हाक मारून दाखवलं, "देख, नया दीवार!" गुल खान म्हणाला, "इसको बोलो, मेरा व्हॅन भी धो दे."

१६ जाने., गुरुवार
के. मॅडम प्रूफ बघायला आल्या. फो. ७ समोर थांबल्या. "अगदी काल काढल्यासारखा वाटतोय!" शाजीभाईंनी सगळ्यांना कडक चहा मागवला. संध्याकाळपर्यंत बावीसही छापून बोर्डवर चढवले.
फार बरा दिवस.

१८ जाने., शनिवार
काय लिहू.
स्वतःच्या फाइलसाठी फो. ७ चा मूळ स्कॅन आणि माझा साफ केलेला, असे शेजारी शेजारी लावत होतो. मूळ स्कॅनमध्ये दिव्याच्या खांबाजवळ एक ठिपका आहे. अर्धा दिसतो, अर्धा खांबाने झाकलाय.
धूळ खांबाच्या मागे जात नाही. धूळ निगेटिव्हवर असते, सगळ्याच्या वर. जे खांबाच्या मागे जातं ते रस्त्यात असतं.
मग बाकीचे बघितले. एक टोपीच्या मागे. दोन झेंड्याच्या मागे. खालचे थोडे मोठे, कडा पुसट. कागद. इमारतीवरून कोणीतरी पत्रकं उधळली आहेत. आणि लोकांचे हात वर आहेत ते घोषणा द्यायला नाही. ते पत्रकं पकडताहेत.
मी त्यांच्या हातात पडायच्या आधीच सगळी काढून घेतली.

१९ जाने., रविवार
सुट्टी. दुपारी जेवताना गुल खानला सांगितलं. (रूम एकच आमची.)
"किसी ने देखा?"
"नहीं."
"तो खाना खा."
मी डाळभात चिवडत बसलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "कागज पे लिखा क्या था?"
माहीत नाही, म्हटलं. त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

२० जाने., सोमवार
शाजीभाईंना सांगितलं. "खलास, प्रिंट हो गया. मॅडम खुश, बच्चे खुश. तेरे को क्या प्रॉब्लेम?" मग हळूच, "एकतीस तारीख याद है ना?"
याद आहे.
काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं, दोनदा सुधारलं, आणि जेवणाच्या सुट्टीत के. मॅडमना फोन केला. वाचूनच दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "उद्या येते मी."
बस्स एवढंच. रागात की कसं, ते कळलं नाही.

२१ जाने., मंगळवार
आल्या. मी स्क्रीनवर खांब दाखवला, टोपी दाखवली, झेंडा दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच.
"अहो संदेश, मी हा फोटो दोन वर्षं शिकवतेय! मुलांना सांगते, बघा कशा घोषणा देताहेत!" आणि जोरजोरात हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
मग शाजीभाईंना, "दोनों लगाएँगे. एक साफ किया हुआ, एक कागज वाला."
"मॅडम, गलती भी दीवार पे?"
"वही तो सबसे पहले!"
मूळ फोटोतली खरी धूळ तेवढी काढायची, पत्रकं ठेवायची. उद्यापर्यंत. आणि गुरुवारी मी शाळेत यायचं, मुलांना खांब दाखवायला.
"मॅडम, मी बारावी अर्धवट सोडलीय."
"मी विचारलं का?"

२२ जाने., बुधवार
पुन्हा २१४. या वेळी प्रत्येकाला विचारत गेलो, तू कोण. कशाच्या मागे गेला असेल तर कागद. कडा पुसट असेल तर कागद. कशाच्याच मागे नाही आणि कडा स्पष्ट, तर धूळ.
अकरा वाजता शाजीभाई स्टूल ओढून शेजारी बसले. "ये कागज."
"नहीं भाई, बहुत शार्प है. धूल."
"अरे, फोल्ड किया हुआ कागज है!"
असं चार वाजेपर्यंत. गिऱ्हाइकं आली तर गुल खानला काउंटरवर उभं केलं. कागद १७१, धूळ ४२. राहिला एक. धुळीपेक्षा मोठा, कागदापेक्षा स्पष्ट. शाजीभाई म्हणाले, रहने दे. ठेवला.

२३ जाने., गुरुवार
शाळा केवढी! इस्त्रीचा शर्ट घातला होता तरी गेटवर पुन्हा कॉलर नीट केली. के. मॅडमनी ओळख करून दिली, "हे संदेश. यांनी चूक शोधली." कोणाची ते सांगितलं नाही. मीच सांगितलं. हिंदीत. मुलं हसली, मग मीही हसलो.
खांब दाखवला तर सगळी पुढे घुसली. एकेक जण नवीन कागद दाखवायला लागला, "हिअर! हिअर!" दोन्ही फोटोंसमोर जी झुंबड उडाली, बाकीचे एकवीस फोटो बिचारे एकटे पडले.
मनवा नावाची सातवीतली मुलगी मागेच उभी होती. तिने विचारलं, "बट हू थ्रू देम?"
मी म्हटलं, पता नहीं.
"दॅट विंडो इज ओपन, अंकल."
खरंच. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडी आहे. दोनदा अख्खी भिंत पालथी घातली, पण खिडक्यांकडे बघितलंच नव्हतं. मी ठिपके बघत होतो. आणि माझा तो राहिलेला एक ठिपका त्याच खिडकीत आहे.
"इट्स अ हँड," मनवा म्हणाली.
मग अर्ध्यांनी हँड, अर्ध्यांनी डस्ट. मॅडमनी मतदान घेतलं. दोन मतांनी हात जिंकला. मॅडम मला म्हणाल्या, "तुमचं मत?" मी म्हटलं, आणखी मोठा स्कॅन हवा.

२५ जाने., शनिवार
के. मॅडमनी फोटो ज्यांच्याकडे आहे त्या अमेरिकेतल्या ग्रंथालयाला मोठ्या स्कॅनसाठी लिहिलं आहे. पत्रात माझंही नाव घातलं. पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं, मी एक स्वल्पविराम वाढवला.
शाजीभाईंनी एकतीस तारखेचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण सकाळपासून तीनदा विचारलं, "अमेरिका से जवाब आया?"
"भाई, कल ही तो भेजा."
"तेरे को क्या लगता है? सच बोल."
"हाथ."
त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं. "लेफ्ट या राइट?"
हे कोणी विचारलंच नव्हतं. दोघंही पुन्हा बघायला बसलो.