झाकणाची धूसर कडा

गारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

नवी प्रजाती आज माझ्याच हातून गेली. दुसऱ्या कोणाच्या हातून गेली असती, तर निदान रागावता तरी आलं असतं.

डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सागरी जीवाची जीवाश्म पुटी, म्हणजे त्याचं सूक्ष्म कवच. केसाच्या जाडीएवढी, समुद्रतळाच्या खडकातून आम्ल वापरून सोडवलेली. तिचं झाकण जागेवर होतं. बाकी साऱ्या पुट्यांची झाकणं गळालेली, आणि प्रजातीचं वेगळेपण नेमकं त्या झाकणात. छायाचित्रात मात्र झाकणाची कडा किंचित धूसर येत होती. किंचितच!

प्रयोगशाळेतले सलीमभाई म्हणाले, "मॅडम, फोटो लई चांगला आलाय. आता राहू द्या, नजर लागंल."

"तुमच्या 'चांगला'वर प्रजाती ठरत नाही," मी म्हणाले. स्लाइड तापवून पुटीला धरून ठेवणारी जेली सैल केली आणि पुटी वळावी म्हणून वरची काच सुईने सरकवली. झाकण तुटलं. पुटी चपटी झाली.

सलीमभाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि "चहा आणू का?" एवढंच विचारलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

खडकाचा तो तुकडा संपला आहे. नुसत्या छायाचित्रावर शोधनिबंध द्यावा का? गेल्या वर्षी एका तरुण संशोधिकेने तसाच पाठवला होता. तिचाही नमुना फुटला होता. परीक्षक म्हणून मी एकच ओळ लिहिली: जतन केलेला नमुना नाही, तर प्रजाती नाही. आज ती ओळ तीनदा वाचली. तिच्यातला एक शब्दही मला बदलावासा वाटत नाही.