डावं पायडल

मंगळवार, उदगीर. दिवेलागण.

आज त्या डाव्या पायडलनं जीव खाल्ला. गल्लीतला आड आटलाय, आणि यांची बदली लातूरला झाल्यापासून यांची सायकल मी टँकरच्या पाण्यासाठीच ढकलते. दोन्ही अंगांना घागरी बांधल्या की पायडल घागरीवर आपटतं, पाणी सांडतं, नडगी सोलते ती वेगळीच. गल्लीत सगळ्यांनी काढून टाकलीत. आपणच का ठेवायची?

उजवं दुपारीच निघालं. डावं काही हलेना. रॉकेल ओतलं, पान्यावर उभी राहिले, तरी नाही. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "नको काढूस गं. लेकरू आल्यावर काय चालवंल?"

लेकरू म्हणजे हेच! लातूर नवा जिल्हा झाला, नवी कचेरी झाली, म्हणून तिकडं गेलंय ते. खोली बघतो नि तुम्हाला नेतो, म्हणाले होते. दर वेळी येतात, सायकलवर गावभर फिरतात, खोलीचं नाव काढत नाहीत. मग मी हे पायडल कशाला जपत राहिले होते?

शेवटी चिडून पान्याला उलटा हिसका दिला, आणि फिरलं की! डाव्याचे आटे उलटे असतात वाटतं. म्हणजे दुपारपासून मी ते आवळतच राहिले होते.

"आता तो विचारील, बघ," सासूबाई म्हणाल्या.

विचारू दे. शनिवारी आले की सांगीन, आधी खोली दाखवा, मग पायडल बसवते. कसं बसवायचं ते आता मला येतं.